बगॅसचं सॅकरिफिकेशन ४८ तासांनंतर अडतं, आणि केएम ऋण येतो

ऊसकरी:

नमस्कार मंडळी. बगॅसपासून (उसाचा चोथा) इथेनॉल करण्याच्या कामात एन्झाइमच्या टप्प्यावर, म्हणजे सेल्युलोजची साखर करण्याच्या सॅकरिफिकेशनमध्ये, गाडी अडली आहे. मांडणी सगळी देतो, म्हणजे उलट विचारत बसावं लागणार नाही.

माल: साखर कारखान्यातला बगॅस, दळून २ मिमी चाळणीखालचा. प्रीट्रीटमेंट १ टक्का सल्फ्युरिक ॲसिड, घन १० टक्के, ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर ६० मिनिटं. नंतर नळाच्या पाण्याने एकदा धुऊन ओव्हनमध्ये ६० अंशांवर रात्रभर वाळवला. वाळलेल्या मालात सेल्युलोज ५४ टक्के, लिग्निन (धागे सांधणारा लाकडी भाग) ३० टक्के, झायलन (हेमिसेल्युलोज; फुटलं की झायलोज साखर) ५ टक्के.

हायड्रोलिसिस: २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये १० ग्रॅम वाळका माल, ५० मिलिमोलर सायट्रेट बफर पीएच ४.८, एकूण १०० मिली, ५० अंश, १५० आरपीएम, तोंडाला कापसाचा बोळा. एन्झाइम ट्रायकोडर्मा रीसीचं जुन्या धाटणीचं सेल्युलेज, १५ एफपीयू (फिल्टर पेपर युनिट, सेल्युलेजच्या ताकदीचं एकक) प्रति ग्रॅम सेल्युलोज. साखर डीएनएसने (रंगावरून साखर मोजायची चाचणी) मोजली.

ग्लुकोज, ग्रॅम प्रति लिटर: ६ तासांना १५, १२ ला २०, २४ ला २५, ४८ ला २८, ७२ ला २९. सेल्युलोज लिटरला ५४ ग्रॅम आहे, म्हणजे रूपांतर ५४ टक्के धरलं.

प्रश्न दोन. (१) हे पुढे का सरकत नाही, एन्झाइम दुप्पट करावं का? (२) घन १ ते १० टक्के असा बदलत, १५ एफपीयू प्रति ग्रॅम तेच ठेवून, पहिल्या तासाचा वेग घेतला आणि लाइनविव्हर-बर्क (१/वेग विरुद्ध १/सब्स्ट्रेट) आलेख काढला. रेषा जवळजवळ मूळ बिंदूतून जाते. केएम (वेग कमाल वेगाच्या निम्मा होतो ती सब्स्ट्रेटची मात्रा) एकदा लिटरला २०० ग्रॅम येतो, एकदा ऋण. कशाचा धरायचा?

अर्धायुष्य:

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तुमचं एन्झाइम बिचारं निर्दोष आहे. प्रयोगाची मांडणीच मिखाइलिस-मेंटनमध्ये बसत नाही.

वेग = व्हीमॅक्स × एस ÷ (केएम + एस). यातला एस म्हणजे सब्स्ट्रेट, इथे सेल्युलोज. व्हीमॅक्स हा कमाल वेग, म्हणजे केकॅट (एका एन्झाइम रेणूचा कमाल वेग) गुणिले एकूण एन्झाइम, आणि तो सगळ्या फ्लास्कमध्ये एकच असायला हवा. तुम्ही एन्झाइम प्रति ग्रॅम सेल्युलोज दिलंत. घन १ वरून १० टक्के झाला तेव्हा एन्झाइमही दहापट झालं. आता एन्झाइम = अ × एस असं घालून बघा: वेग = केकॅट × अ × एस² ÷ (केएम + एस). हे उलटं केलं की १/वेगाचे दोन तुकडे पडतात, एक १/एसच्या प्रमाणात आणि दुसरा १/एस²च्या. स्थिर पद उरतच नाही. म्हणून आलेख मूळ बिंदूकडे जातो आणि वरच्या बाजूला किंचित वाकतो. त्या वाकलेल्या रेघेवर सरळ रेषा बसवली की छेद शून्याच्या जरा खाली येतो, आणि केएम ऋण. वाचनांतल्या चुकांमुळे छेद चिमूटभर वर गेला, की केएम २००. दोन्ही आकडे टाकून द्या.

तरीही केएम काढायचाच असेल तर असं करा. एन्झाइम प्रति मिली स्थिर ठेवा, सेल्युलोज लिटरला १ ते ६० ग्रॅम बदला, आणि बगॅसऐवजी ॲव्हिसेल (शुद्ध सूक्ष्मस्फटिकी सेल्युलोज) घ्या म्हणजे लिग्निन मध्ये येणार नाही. नमुने २, ५, १०, १५ आणि ३० मिनिटांना. रूपांतर ५ टक्क्यांच्या आत असेपर्यंतच सुरुवातीचा वेग म्हणायचं. तासाभराचं वाचन त्यासाठी फार उशिराचं. इतकी कमी साखर डीएनएसला नीट दिसत नाही, तिथे एचपीएलसी (साखरा वेगवेगळ्या करून मोजणारी पद्धत) लागते. आणि दुहेरी व्युत्क्रमाचा आलेख सोडा. सर्वांत कमी एसचं वाचन, म्हणजे ज्यात चूक सर्वांत जास्त, तेच त्या आलेखात सर्वांत वजनदार ठरतं. मूळ समीकरणच नॉन-लिनियर फिटने बसवा, साध्या स्प्रेडशीटच्या सॉल्व्हरनेही जमतं.

एवढं करून हाती येईल तो ‘भासमान’ केएम. कारण मूळ समीकरणात सब्स्ट्रेट विरघळलेला आणि एन्झाइमच्या मानाने भरपूर असतो. इथे सब्स्ट्रेट घन आहे. त्याच्या पृष्ठभागावर एन्झाइमला पकड मिळेल अशा जागा मोजक्या, आणि प्रक्रियेच्या डोसला त्या जवळजवळ भरलेल्या. अशा वेळी उलटी मांडणी जास्त कामाची पडते: घन स्थिर ठेवा, एन्झाइम वाढवत न्या, आणि वेग = व्हीमॅक्स × ई ÷ (के + ई) बसवा. जागा भरल्या की वेग सपाट होतो. डेन्मार्कमधल्या पीटर वेस्ट यांच्या गटाने या दोन्ही मांडण्या शेजारी ठेवून बरंच काम केलं आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नातल्या ‘दुप्पट करावं का’ याचं खरं उत्तर याच आलेखावर मिळतं. सपाट भागात असाल तर दुप्पट एन्झाइम म्हणजे दुप्पट बिल, बाकी काही नाही.

आता पहिला प्रश्न. तुमच्याच आकड्यांवरून टप्प्याटप्प्याचा वेग, ग्रॅम प्रति लिटर प्रति तास: ० ते ६ तासांत २.५, ६ ते १२ मध्ये ०.८३, १२ ते २४ मध्ये ०.४२, २४ ते ४८ मध्ये ०.१२५, आणि शेवटच्या २४ तासांत जेमतेम ०.०४. साठपट घट. सेल्युलोज मात्र निम्म्याहून जास्त शिल्लक आहे. नुसता सब्स्ट्रेट संपत आल्यामुळे वेग घटला असता तर तो साधारण निम्म्यावर थांबायला हवा होता. उरलेली तीसेक पट घट दुसरीकडून येते, आणि तिचे धनी एकापेक्षा जास्त आहेत.

पहिला धनी पृष्ठभाग स्वतः. सेल७ए (सेल्युलेजमधलं मुख्य एन्झाइम), म्हणजे जुनं नाव सीबीएच-१, सेल्युलोजच्या साखळीचं टोक बोगद्यात घेतं आणि सेलोबायोज (दोन ग्लुकोजची जोडी) तोडत पुढे सरकत राहतं. वाटेत लिग्निनचा तुकडा, झायलनची फांदी किंवा नुसता अडलेला दुसरा रेणू आला की ते थांबतं, आणि सुटायला फार वेळ घेतं. घाटातल्या एकेरी रस्त्यावर एक ट्रक बंद पडला की मागची रांग जशी हलत नाही, तसं. जपानमधल्या इगाराशी यांच्या गटाने २०११ मध्ये हाय-स्पीड एएफएमवर (अणुबल सूक्ष्मदर्शक) ही कोंडी प्रत्यक्ष दाखवली होती. बाकीचे धनी म्हणजे सेलोबायोज आणि ग्लुकोजचा अडथळा, लिग्निनला चिकटून वाया गेलेलं एन्झाइम, आणि ५० अंशांवर ढवळताना हवेच्या पृष्ठभागाशी घुसळून निकामी होणारं एन्झाइम.

हे वेगळे करायला ४८ तासांचा एक फ्लास्क चार भागांत वाटा. पहिला तसाच चालू ठेवा. दुसऱ्यात सुरुवातीच्या डोसच्या निम्मं ताजं सेल्युलेज घाला. तिसऱ्यात फक्त बीटा-ग्लुकोसायडेज (सेलोबायोज फोडून ग्लुकोज करणारं एन्झाइम). चौथा सेंट्रिफ्यूज करून, गाळ बफरने दोनदा धुऊन, नव्या बफरमध्ये पूर्ण डोसने परत सुरू करा. मग पुढच्या ६ तासांचा वेग बघा. दुसरा उसळला तर एन्झाइम मेलंय किंवा अडकलंय. तिसरा उसळला तर सेलोबायोज साचलाय. दुसरा ढिम्म आणि चौथा जोरात, तर साखरेचा अडथळा. चौथाही ढिम्म राहिला तर मालच मुरलेला नाही, दोष प्रीट्रीटमेंटचा किंवा वाळवण्याचा.

डिस्टिलरी_लॅब:

कायनेटिक्स वर आलंच आहे. पण त्याआधी ते २९ खरे आहेत का ते बघू. मला तरी नाही वाटत.

हिशेब. सेल्युलोजमधला एकक १६२, ग्लुकोज १८०. तुटताना प्रत्येक एककाला एक पाणी लागतं. म्हणून सेल्युलोज गुणिले १.१११. ५.४ ग्रॅमचे ६.० ग्रॅम ग्लुकोज व्हायला हवेत, लिटरला ६०. म्हणजे ५४ टक्के नव्हे, ४८. पुढे, १०० मिलीमध्ये घनही जागा खातो. शेवटी राहिलेला सात-साडेसात ग्रॅम चोथा ५ मिलीच्या आसपास जागा धरतो, द्रव ९५ मिलीच. ४८ चे ४६ झाले. १० टक्क्यांवर हा फरक खपून जातो, २० टक्के घनावर उत्पन्न दहा-पंधरा टक्के फुगवून दाखवतो. जास्त घनावर काम करताना आकारमानाऐवजी वजनावर चला: पूर्ण स्लरीचं वजन, सेंट्रिफ्यूज, गाळ धुऊन १०५ अंशांवर वाळवून वजन, आणि वरच्या द्रवाची घनता.

कापसाचा बोळा काढा. ५० अंशांवर ७२ तास म्हणजे पाणी उडणारच, आणि पाणी उडालं की साखर ‘वाढते’. स्क्रू झाकणाच्या बाटल्या घ्या. नाहीतर प्रत्येक नमुन्याआधी फ्लास्क तोलून उडालेलं पाणी भरा, काढलेल्या नमुन्याचं वजन वजा धरून.

डीएनएस. हे साखरेचं रिड्यूसिंग टोक मोजतं, साखर ओळखत नाही. झायलोज त्यात येतो. तुमच्या ५ टक्के झायलनमधून लिटरला ५.७ ग्रॅमपर्यंत झायलोज निघू शकतो आणि तो सगळा तुम्ही ग्लुकोज म्हणून लिहाल. उलट सेलोबायोजच्या दोन ग्लुकोजमागे टोक एकच, त्यामुळे तो कमी दिसतो. शिवाय एन्झाइमच्या बाटलीतच साखर किंवा सॉर्बिटॉल स्थिरतेसाठी घातलेलं असतं. माल न घालता फक्त बफर आणि एन्झाइम, आणि एन्झाइम न घालता फक्त माल आणि बफर, असे दोन ब्लँक प्रत्येक वेळी चालवा. डीएनएसचा सरळ पट्टा मिलीला ०.२ ते २ मिलिग्रॅम. २९ चा नमुना २० ते ५० पट पातळ केल्याशिवाय वाचू नये. नमुना काढल्याबरोबर बंद नळीत उकळत्या पाण्यात १० मिनिटं, मग सेंट्रिफ्यूज. बर्फावर ठेवून ‘नंतर बघू’ केलं तर एन्झाइम हळूहळू चालूच राहतं.

एकदा तरी एचपीएलसी करा. एचपीएक्स-८७पी कॉलम साखरा छान वेगळ्या करतो, पण त्याला आम्ल चालत नाही. नमुना कॅल्शियम कार्बोनेटने उदासीन करून गाळावा लागतो. ८७एच या दुसऱ्या कॉलमवर ५ मिलिमोलर सल्फ्युरिक ॲसिडने इथेनॉल आणि ॲसेटिक ॲसिडही त्याच फेरीत दिसतं, मात्र तिथे सायट्रेटचा पीक सेलोबायोजला जवळजवळ चिकटतो. सायट्रेट बफर वापरणाऱ्यांनी ८७एच वरच्या सेलोबायोजवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. फक्त बफरचं एक इंजेक्शन देऊन बघा.

आता माल. ओव्हन! प्रीट्रीटमेंटनंतर वाळवणं ही तुमच्या मांडणीतली सर्वांत महाग पायरी आहे. ॲसिडने हेमिसेल्युलोज काढून जी भोकं उघडली, ती वाळताना मिटतात. सेल्युलोजचे धागे एकमेकांना हायड्रोजन बंधाने चिकटतात आणि परत भिजवलं तरी पूर्ण उघडत नाहीत. कागदवाले याला हॉर्निफिकेशन म्हणतात. सेल्युलेजला साधारण ५ नॅनोमीटरहून रुंद वाट लागते, आणि आधी मिटतात त्या नेमक्या याच वाटा. म्हणून धुतलेला माल ओलाच ठेवा, पिशवीत ४ अंशांवर. आर्द्रता वेगळ्या नमुन्यावर काढा, १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत, आणि तो वाळवलेला नमुना फेकून द्या.

आर्द्रता ७० टक्के असेल तर १० ग्रॅम कोरड्या मालासाठी ३३.३ ग्रॅम ओला घ्या. त्यात २३.३ ग्रॅम पाणी आहे, ते धरा. त्यावर १०० मिलिमोलरचा बफर ५० मिली, एन्झाइम, आणि पाण्याने एकूण १०० ग्रॅम. बफर दुप्पट ताकदीचा घ्यायचा कारण मालातलं पाणी त्याला पातळ करतं; पुष्कळांचा बफर इथेच ५० वरून ३५ वर येतो.

धुणं एकदा पुरत नाही. ॲसिड भोकांत बसलेलं असतं, बाहेरचं पाणी उदासीन दिसतं आणि फ्लास्कमध्ये दोन तासांनी पीएच ४.८ चा ४.२ झालेला असतो. गरम पाण्याने धुवा, गाळणाचा पीएच ५ च्या वर स्थिर होईपर्यंत. शेवटचं धुणं माल तासभर पाण्यात भिजत ठेवून करा. एन्झाइम घालण्याआधी पीएच दुरुस्त करा आणि २ तासांनी पुन्हा मोजा. नीट धुतल्याने फर्फ्युरल, फिनॉलं आणि झायलोजच्या छोट्या साखळ्याही जातात. त्या साखळ्या सेल७एच्या बोगद्यात अडकतात, त्यांना दुर्लक्षू नका.

७२ तास चालवताय आणि जंतुनाशकाचा उल्लेख नाही. ४८ नंतर साखर सपाट होणं हे लॅक्टिक जिवाणूंचंही काम असू शकतं: एन्झाइम बनवतंय तेवढं ते खाताहेत. शेवटचा पीएच आणि एचपीएलसीवर लॅक्टिकचा पीक बघा. सोडियम अझाइड ०.०२ टक्के सर्रास वापरतात, पण पीएच ४.८ ला त्यातला निम्म्याच्या आसपास भाग हायड्राझोइक ॲसिड होतो, आणि ते बाष्परूपात विषारी आहे. काम फ्यूम हूडमध्येच, आणि कचरा कधीच तीव्र ॲसिडमध्ये ओतायचा नाही. पुढे यीस्ट घालायचं असलेल्या बॅचमध्ये अझाइड अर्थातच नाही.

पाचट:

एन्झाइम दुप्पट करण्याबद्दल वरच्या दोघांपेक्षा माझं मत थोडं वेगळं. एकदा करून बघावंच, पण एफपीयूवर भरवसा ठेवून नव्हे.

एफपीयू कसं मोजतात ते आठवा. व्हॉटमन नंबर १ ची १ × ६ सेंमीची पट्टी, वजन ५० मिलिग्रॅम, ५० अंश, ६० मिनिटं, आणि २ मिलिग्रॅम ग्लुकोज सुटेल एवढं एन्झाइमचं पातळीकरण शोधायचं. अर्धा मिली एन्झाइमला तो आकडा मिनिटाला ०.१८५ मायक्रोमोल, म्हणजे एका मिलीला ०.३७, तिथून ते प्रसिद्ध ०.३७ आलं. म्हणजे कागदाचा ३.६ टक्के भाग फुटेपर्यंतचीच ही गोष्ट. लिग्निन नाही, साखर साचलेली नाही, वेळ एक तास. त्यावरून ३० टक्के लिग्निनच्या बगॅसवर ७२ तासांनी काय होईल हे कळणार नाही. सारख्याच एफपीयूची दोन एन्झाइमं तुमच्या मालावर वेगवेगळी वागली तर नवल मानू नका. डोस मिलिग्रॅम प्रोटीन प्रति ग्रॅम सेल्युलोज असाही लिहून ठेवा. प्रोटीन बीसीएने (रंगावरून प्रोटीन मोजायची चाचणी) मोजणार असाल तर आधी टीसीएने (ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड) साका पाडून घ्या. नाहीतर बाटलीतली रिड्यूसिंग साखरच प्रोटीन म्हणून मोजाल.

लिग्निनचा वाटा किती ते पाहायला एक स्वस्त चाचणी आहे. एन्झाइम घालण्याआधी मालात बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रोटीन) घाला, ५० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम माल, तासभर मुरू द्या. बीएसए लिग्निनच्या जागा अडवतं. रूपांतर ठळक वाढलं तर लिग्निन एन्झाइम खातंय. कारखान्यात कोणी बीएसए घालणार नाही, पण कारण कळतं. ट्वीन-८० किंवा पीईजी ४००० ही त्याची व्यवहारातली भावंडं. ॲव्हिसेलचा एक फ्लास्क शेजारी चालवा. त्यावर बीएसएचा फरक नगण्य राहायला हवा.

ऊसकरी:

सगळ्यांचे आभार, बरंच काम लागलं. राखून ठेवलेल्या ७२ तासांच्या नमुन्याची एचपीएलसी (८७पी) झाली: ग्लुकोज २२, सेलोबायोज ४.६, झायलोज ४ ग्रॅम प्रति लिटर. लॅक्टिक दुसऱ्या कॉलमवर पाहिलं, नाही. शेवटचा पीएच ४.६. न वाळवलेल्या मालाची बॅच लावतोय. तोवर दोन गोष्टी सांगा: बीटा-ग्लुकोसायडेज किती घालू, आणि यीस्ट ५० अंशांनंतर घालावं की सोबतच?

अर्धायुष्य:

आकडे जुळतात. २२ ग्लुकोज, ४ झायलोज, आणि ४.६ सेलोबायोजचे टोकांच्या हिशेबाने २.४; बेरीज २८.४. डीएनएसने २९ दाखवलं ते हेच. म्हणजे ग्लुकोजपर्यंत पोचलेलं सेल्युलोज ३५ टक्के, सेलोबायोज १.०५३ ने गुणून धरला तर फुटलेलं ४२-४३ टक्के. तुमच्या ५४ मधलं बाकीचं गणित आणि झायलोज होतं.

सेलोबायोज ४.६ म्हणजे १३.५ मिलिमोलर. ७२ तासांनंतर इतका शिल्लक राहणं ही बीटा-ग्लुकोसायडेजच्या तुटवड्याची सही आहे. कसं ते उदाहरणाने पाहा. समजा त्याचा सेलोबायोजवरचा केएम १ मिलिमोलर आणि ग्लुकोजचा केआय (अडथळ्याचा स्थिरांक; जितका लहान तितका अडथळा जास्त) ३ मिलिमोलर; जुन्या बुरशीजन्य एन्झाइमांत अशा श्रेणीचे आकडे सापडतात. ग्लुकोज २२ ग्रॅम म्हणजे १२२ मिलिमोलर. स्पर्धात्मक अडथळ्यात भासमान केएम = १ × (१ + १२२/३), साधारण ४२. वेग व्हीमॅक्सच्या १३.५ ÷ (४२ + १३.५), म्हणजे २४ टक्के. ग्लुकोज नसता तर ९३ टक्के असता. एन्झाइम आहे, पण चौथ्या हिश्श्याने चालतंय, आणि तो साचलेला सेलोबायोज मागे सेल७एला धरून ठेवतोय. साखळी उलटी अडते.

एफपीयूच्या दीड ते दोन पट सीबीयू (बीटा-ग्लुकोसायडेजच्या ताकदीचं एकक) धरा. तुमचे ८१ एफपीयू, म्हणून १२० ते १६० सीबीयू. नव्या पिढीच्या तयार मिश्रणांत हे आधीच भरलेलं असतं, वर ग्लुकोज सोसणारं. ती घेतलीत तर वेगळं घालू नका. पण त्यांत एलपीएमओही (सेल्युलोज ऑक्सिडीकरणाने तोडणारी एन्झाइमं) असतात आणि त्यांना ऑक्सिजन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं. पूर्ण भरलेल्या बंद बाटलीत, किंवा यीस्टने ऑक्सिजन संपवल्यावर, त्यांचं काम जवळपास बंद. मिश्रणाला दोष देण्याआधी बाटलीत वर रिकामी जागा किती ते बघा.

डिस्टिलरी_लॅब:

यीस्टचं. आधी लक्ष्य ठरवा, मग तापमान.

ग्लुकोजमधून इथेनॉल जास्तीत जास्त ०.५११, प्रत्यक्षात त्याच्या ९० टक्के धरा, म्हणजे ०.४६. तुमच्या २२ ग्रॅममधून लिटरला १० ग्रॅम इथेनॉल. असा वॉश (आंबवलेला द्रव) ऊर्धपातनाच्या कॉलमला दिला तर वाफेचा खर्चच सगळं खाईल. ऊर्धपातन परवडायला लिटरला निदान ४० ग्रॅम तरी हवं. त्याला ८७ ग्रॅम ग्लुकोज लागतं; ८० टक्के रूपांतर धरलं तर सेल्युलोज ९८ ग्रॅम, आणि ५४ टक्क्यांच्या मालाने घन १८ टक्के. मळीवर काम केलेल्यांना ४० ग्रॅम हास्यास्पद वाटेल, पण मळीत साखर आयती असते. पानिपतचा भाताच्या पेंढ्यावरचा प्रकल्प असो की काशीपूरचं प्रात्यक्षिक संयंत्र, अवघड काम ‘घट्ट मालातून साखर काढणं’ हेच आहे. आपल्याकडे तर बगॅस फुकटही नाही, तो बॉयलरला जातो. त्याच्याशी स्पर्धा करायची तर पातळ वॉश चालणारच नाही.

१८ टक्के घन फ्लास्कमध्ये एकदम टाकलात तर मोकळं पाणीच दिसणार नाही. शेकर नुसता गोळा फिरवेल. फेड-बॅच करा: ९ टक्क्यांनी सुरू करा, पूर्ण एन्झाइम सुरुवातीलाच, ६ आणि १२ तासांना बाकीचा माल निम्मा निम्मा. पुढची भर आधीचा माल ओतता येईल इतका पातळ झाल्यावरच. ६ तासांनी झाला नसेल तर थांबा, घड्याळ बघून भरू नका. घन वाढला की त्याच डोसला रूपांतर घसरतंच. क्रिस्टेन्सन, फेल्बी आणि योर्गेन्सन यांनी २००९ मध्ये हे फिल्टर पेपरवर दाखवलं. तिथे लिग्निन नव्हतंच, तरी घसरलं. साचलेल्या साखरेमुळे एन्झाइम सेल्युलोजला कमी चिकटतं, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणूनच यीस्ट सोबत घालण्यात अर्थ आहे, ते साखर उचलत राहतं. इथेनॉलही सेल्युलेजला अडवतं, पण तेवढ्याच साखरेपेक्षा कितीतरी कमी.

माझी पसंती मधली: ५० अंशांवर २४ तास, मग ३५ ते ३७ वर आणून यीस्ट. या तापमानाला सेल्युलेजचा वेग साधारण निम्म्यावर येतो, ती किंमत साखरेचा अडथळा उठल्याने भरून निघते. सॅकरोमायसिस (नेहमीचं यीस्ट) ३७ च्या वर नेऊ नका. ४२-४५ हवं असेल तर क्लुइव्हरोमायसिस मार्क्सियानस हे दुसरं यीस्ट, पण ते इथेनॉल कमी सोसतं.

पीएच ४.८ वरून यीस्ट घालताना ५.३ ते ५.५ करा. कारण ॲसेटिक ॲसिड. त्याचा पीकेए ४.७६, म्हणून ४.८ ला जवळजवळ निम्मं अविघटित असतं आणि तेच पेशीत शिरून यीस्टला मारतं. ५.५ ला ते १५ टक्क्यांवर येतं. सेल्युलेज ५.५ ला थोडं मंदावतं, पण मेलेल्या यीस्टपेक्षा ते बरं. तुमचा माल नीट धुतलेला असेल तर ५.२ वरही भागेल. यीस्ट कोरडं प्रति लिटर २ ग्रॅम, आधी ३५ अंशांच्या पाण्यात २० मिनिटं भिजवून. नायट्रोजनसाठी युरिया अर्धा ग्रॅम प्रति लिटर. धुतलेल्या बगॅसमध्ये यीस्टला खायला दुसरं काही नसतं.

ऊसकरी:

फेड-बॅचच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या भरीसोबत बफर द्यायचा का? ओला माल पाणी आणेल, पीएच सरकेल.

डिस्टिलरी_लॅब:

बफर नको, मीठ वाढवून उपयोग नाही. भरायचा ओला माल आधीच सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ५ वर आणून ठेवा, घालण्याआधी ५० अंशांवर गरम करा, आणि प्रत्येक भरीनंतर अर्ध्या तासाने पीएच मोजा. मालातलं पाणी पहिल्याच हिशेबात धरा, म्हणजे शेवटचा घन १८ च येईल. त्यासाठी माल ७० टक्के आर्द्रतेचा असेल तर एकूण १ किलोला ६०० ग्रॅम ओला माल जातो. त्यातला निम्मा आधीच पडलेला, उरलेला १५०-१५० ग्रॅम दोनदा.